मुलांना टेनिसच्या स्पर्धेत उतरवताय? आधी जन्मदाखला उघडून बघा

साताऱ्यात टेनिस खेळणारी मुलं मोजकी, स्पर्धा खेळणारी त्याहून मोजकी. त्यामुळे विचारायचं कुणाला, इथूनच अडचण सुरू होते. कबड्डी-खोखोला शाळेचे सर सगळ्यांचे फॉर्म भरतात, गाडी ठरवतात, ओळखपत्रं स्वतःच्या पिशवीत ठेवतात. टेनिसमध्ये खेळाडू एकटा, आणि त्याचा संघ म्हणजे घरची माणसं. नोंदणी, तारखा, माघार, हजेरी, सगळं आपणच बघायचं असतं.

माझी लेक अकराव्या वर्षी पहिली स्पर्धा खेळली. आता ती चौदाची आहे. या तीन वर्षांत ती बरेच सामने हरली, त्याचं काही नाही, हरूनच शिकतात. पण दोन स्पर्धा तिच्या कोर्टवर पाय न ठेवताच हुकल्या, एक कागदामुळे आणि एक वेळेमुळे. त्या दोन्ही दिवशी तिचा चेहरा मी पाहिला आहे. सातारा-सांगली-कराडकडच्या दुसऱ्या कुठल्या मुलावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. शाळेचा रस्ता की संघटनेचा, हे ओळखा

टेनिसच्या स्पर्धांचे दोन वेगळे रस्ते आहेत आणि त्यांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही.

पहिला शालेय. यात मुलाचं नाव शाळा पाठवते, कारभार जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा. जिल्हा जिंकला की विभाग, मग राज्य. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे क्रीडा खात्याच्या कोल्हापूर विभागात येतात. इथले वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. लागणारे कागद म्हणजे शाळेचा बोनाफाईड, खेळाडूचं ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का. शाळेत टेनिस शिकवत नसले तरी मूल त्या शाळेचं आहे ना, मग प्रवेशिका शाळेकडूनच जायला हवी. क्रीडाशिक्षकांना जूनमध्येच भेटून सांगून ठेवा. त्यांच्या डोक्यात कबड्डी आणि ॲथलेटिक्सचं नियोजन असतं, टेनिसची आठवण आपणच करून द्यावी लागते.

दुसरा रस्ता संघटनेचा. राज्यात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना, देशात अखिल भारतीय टेनिस संघटना, म्हणजे सगळे ज्याला ‘आयटा’ म्हणतात ती, आणि त्याही वर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, ‘आयटीएफ’. आयटाचे वयोगट १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील. क्रमवारीचे गुण इथे मिळतात. शालेय स्पर्धेत राज्यात पहिलं आलं तरी आयटाच्या क्रमवारीत एक गुण वाढत नाही.

घोळ होतो तो वयोगटांचा. पंधरा वर्षांचा मुलगा शाळेकडून ‘१७ खालील’ खेळतो आणि संघटनेत ‘१६ खालील’. घरात कुणीतरी ‘तो सतराखालचा आहे’ म्हणतं, फॉर्म भरणारा तेच धरून बसतो. वहीत दोन्ही गट वेगवेगळे लिहून ठेवा.

२. जन्मदाखला हातात घ्या आणि प्रत्येक ओळ वाचा

माझी पहिली चूक इथली, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेर मिरज. लेक तिथल्या दवाखान्यात जन्मली, नोंद दवाखान्याने लगेच पाठवली, बारसं नंतर झालं. त्यामुळे दाखल्यावर आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, जन्मठिकाण, सगळं होतं. फक्त ‘बालकाचे नाव’ ही ओळ कोरी होती. अकरा वर्षं तो दाखला कपाटात होता आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण तोवर सगळीकडे आधार चाललं. टेनिसच्या नोंदणीला तो लावला तेव्हा अर्ज परत आला. दुरुस्ती होईपर्यंत पहिल्या स्पर्धेची प्रवेशिकेची तारीख उलटून गेली होती.

तेव्हा दाखला काढा आणि या गोष्टी तपासा.

नाव आहे का? जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यापुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा दाखला कोरा असेल तर आज उठून जा, मुदत संपत आली आहे.

जायचं कुठे? तुम्ही राहता तिथे नाही, तर जन्माची नोंद झाली तिथे. सातारा शहरात जन्म असेल तर नगरपालिका, गावात असेल तर ग्रामपंचायत, सांगली-मिरज-कुपवाडला असेल तर महानगरपालिकेचा जन्म-मृत्यू नोंदणी विभाग. मला साताऱ्याहून मिरजेला दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला शाळेचा बोनाफाईड नव्हता. तुम्ही बोनाफाईड, आईवडील दोघांची आधार कार्डं आणि प्रत्येकाची झेरॉक्स घेऊनच निघा.

नोंदणीची तारीख कोणती? जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख या दोन वेगळ्या ओळी असतात. नोंद २१ दिवसांत व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. वर्ष उलटून गेल्यावर झालेली नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. तुमच्या मुलाची नोंद तशी उशिराची असेल तर त्या आदेशाची प्रत दाखल्यासोबत जपून ठेवा, कारण वयाबद्दलचा पहिला प्रश्न तिथेच विचारला जातो.

शाळेतली तारीख तीच आहे का? आपल्या पिढीत शाळेत घालताना सर्रास १ जून लावायचे. आता ते खूप कमी झालं आहे, पण एखादा महिना इकडेतिकडे केलेली मुलं अजून भेटतात. शाळेत एक, दाखल्यावर दुसरी असेल तर आधी शाळेतली दुरुस्त करून घ्या.

इंग्रजी स्पेलिंगही बघा. आडनावात एक ‘ए’ जास्त, वडिलांच्या नावाला एका कागदावर ‘राव’ जोडलेलं आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून अर्ज अडकतो. दाखला, आधार आणि पुढे पासपोर्ट, तिन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं.

३. वय वाढदिवसाने नाही, जन्मसालाने मोजतात

आयटीएफच्या ज्युनियर स्पर्धांचा नियम सरळ आहे. आधीच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खेळाडूला १८ पूर्ण झालेली नसावीत. म्हणजे २०२६ साली २००८ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं खेळू शकतात, वाढदिवस जानेवारीत असो की डिसेंबरात. खालची मर्यादा १३ वर्षं पूर्ण. ती मात्र वाढदिवसाने मोजतात, तेराव्या वाढदिवसाआधी मूल कितीही चांगलं खेळत असलं तरी तिथे प्रवेश नाही.

देशातल्या स्पर्धांसाठी माहितीपत्रकावर ‘अमुक तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेले’ अशी ओळ असते. तुमच्यापुरती तीच खरी. मागच्या वर्षीच्या पत्रकावरून, दुसऱ्या पालकाच्या हिशेबावरून ठरवू नका.

लहान मूल वरच्या गटात खेळू शकतं, मोठं मूल खालच्या गटात नाही. बारा वर्षांच्या मुलीला १४ आणि १६ खालीही खेळवणारे पालक मी पाहते. माझं मत असं, की पहिलं वर्ष तिला तिच्याच गटात राहू द्या. बरोबरीच्या मुलींकडून हरताना काय चुकलं ते कळतं. चार वर्षांनी मोठ्या मुलीकडून ०-६, ०-६ हरून परत येताना खंबाटकी घाटात गाडीत फक्त शांतता असते.

आणि एक कळकळीने सांगते. ‘एक वर्ष कमी दाखवू, गट सोपा पडेल’ असा सल्ला देणारं कुणीतरी तुम्हाला भेटेलच. त्या वाटेला जाऊ नका. शंका आली तर वैद्यकीय वयचाचणी होऊ शकते, मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांची वाढ बघतात, आणि खोटं निघालं तर बंदी मुलावर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

४. नोंदणी क्रमांक काढा

राज्य संघटनेची नोंदणी आणि आयटाची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धा कुणाची आहे ते बघून त्या त्या संघटनेचा क्रमांक लागतो. ऑनलाइन अर्ज, शुल्क, कागदांची तपासणी, मग क्रमांक. हे एका दिवसात होईल असं धरू नका. पहिली स्पर्धा मनात असेल त्याच्या दोन महिने आधी सुरुवात करा. आयटीएफचा ‘आयपिन’ मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायची वेळ येईल तेव्हाच काढा. सुरुवातीला त्याची गरज नाही.

जवळ ठेवायचे कागद:

- जन्मदाखला, मूळ आणि स्वच्छ स्कॅन
- मुलाचं आधार कार्ड
- पासपोर्ट साइज फोटो, अलीकडचा
- शाळेचा बोनाफाईड
- पासपोर्ट असेल तर त्याचं पहिलं पान
- शुल्क भरल्याच्या पावत्या

माझी फाईल प्लास्टिकच्या पाकिटात असते आणि प्रत्येक स्पर्धेला सोबत जाते. फोनवरचा फोटो रेफरी, म्हणजे स्पर्धेचे मुख्य पंच, मान्य करतीलच असं नाही.

फॉर्ममध्ये ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच द्या, हे फार महत्त्वाचं. सायबर कॅफेतून फॉर्म भरला तर तिथला मुलगा पटकन स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. काही पालक प्रशिक्षकांचा देतात. मग पासवर्ड, स्पर्धेची सूचना, माघारीची आठवण, सगळं दुसऱ्याच्या खात्यात जातं आणि वर्षभराने प्रशिक्षक बदलले की आपल्याच मुलाच्या खात्यात आपल्याला शिरता येत नाही.

५. माहितीपत्रक, म्हणजे ‘फॅक्टशीट’, दोनदा वाचा

प्रत्येक स्पर्धेचं एक-दोन पानी फॅक्टशीट निघतं. एसटीच्या वेळापत्रकासारखं ते वाचायचं, आपल्या कामाची ओळ शोधून तिच्याखाली रेघ मारायची.

दर्जा बघा. आयटाच्या स्पर्धांमध्ये टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज अशी चढण आहे. जितकी वरची सिरीज तितके गुण जास्त, आणि नव्या मुलाला प्रवेश तितका अवघड. सुरुवात टॅलेंट सिरीजपासून करावी. त्याहीआधी राज्य किंवा जिल्हा संघटनेच्या छोट्या स्पर्धा खेळाव्यात. पुण्यात आठ-दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा बऱ्याच होतात, आणि साताऱ्याहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. सांगलीकरांना कोल्हापूर जवळ.

मग तारखा. यात तीन तारखा वेगवेगळ्या असतात: प्रवेशिकेची शेवटची, माघारीची शेवटची आणि साइन-इनची, म्हणजे हजेरीच्या सहीची. प्रवेशिका भरली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही. मुदतीनंतर क्रमवारीप्रमाणे यादी लागते. वरची मुलं थेट मुख्य फेरीत, त्याखालची पात्रता फेरीत, उरलेली प्रतीक्षेत. क्रमवारी नसलेलं मूल बहुतेक वेळा पात्रता फेरीत किंवा प्रतीक्षेत असतं. प्रतीक्षेतलं नाव रोज बघत राहा, माघारीनंतर यादी भराभर वर सरकते.

जायचं नसेल तर मुदतीत माघार घ्या. न कळवता गैरहजर राहिलं तर दंड किंवा कारवाई होऊ शकते, शिवाय आपण अडवलेली जागा दुसऱ्या मुलाची असते. मूल मुदतीनंतर आजारी पडलं तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन लगेच रेफरींना कळवा. एका आठवड्यात एकच स्पर्धा खेळता येते, दोन ठिकाणी नाव देऊन ‘बघू कुठे जमतं’ असं शेवटपर्यंत लांबवू नका.

आयटीएफच्या पत्रकावर वेळ जीएमटीमध्ये, म्हणजे ग्रीनविचच्या प्रमाणवेळेत असते. १४:०० जीएमटी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. दुपारचे दोन समजून घाईघाईत चुकीचं बटण दाबणारे पाहिले आहेत, आणि साडेसातनंतर लॉग-इन करणारेही.

कोर्टचा पृष्ठभाग कोणता, हार्ड की क्ले, हेही तिथेच लिहिलेलं असतं. सिमेंटवर सराव केलेल्या मुलाला लाल मातीवर चेंडू उशिरा आणि उंच येतो. दोन दिवस आधी जमलं तर अर्धा तास त्या कोर्टवर खेळू द्या.

६. साइन-इन म्हणजे स्वतः हजर राहून सही

दुसरी स्पर्धा आमची इथे गेली. पात्रता फेरीची सही साधारणपणे आदल्या दिवशी संध्याकाळी, ठरलेल्या तास-दोन तासांत घेतात. आम्ही दुपारी तीनच्या एसटीने निघालो. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडला होता, पुढे कात्रजला पुन्हा खोळंबा. पोचलो तेव्हा सहीचा कागद बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. लेकीने रेफरींना विनंती केली, ते प्रेमाने बोलले, पण नियम मोडला नाही. बरोबरच होतं त्यांचं. वेळेत आलेल्या मुलांचा ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत, काढायची तयारी सुरू झाली होती.

तेव्हापासून आमचा नियम: सही संध्याकाळी असेल तर सकाळच्या गाडीने निघायचं. फोनवरून सही चालते का हे फॅक्टशीटवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही असं धरा.

७. अंपायर नसतो, हे मुलाला आधीच सांगा

टीव्हीवर पाहून मुलांना वाटतं उंच खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असेल. सुरुवातीच्या फेऱ्यांत नसतं. दोन-चार कोर्टांमागे एक फिरता अंपायर आणि एक रेफरी. बाकी सगळं मुलांनी आपापसात. प्रशिक्षक फोरहँड शिकवतात, हे शिकवायचं बऱ्याचदा राहून जातं.

आपल्या बाजूच्या रेषा आपण बघायच्या. चेंडू बाहेर असेल तर लगेच, मोठ्याने ‘आउट’ म्हणायचं. चेंडूचा केसाएवढा भाग रेषेला टेकला तरी तो आत. खात्री नसेल तर आत. आपण आउट म्हटलं आणि मग लक्षात आलं की आत होता, तर गुण पुन्हा खेळतात. पण तो फटका थेट गुण जिंकणारा असेल, किंवा त्या सामन्यात आधी एकदा अशी चूक झाली असेल, तर गुण आपला जातो.

माझी लेक पहिल्या सामन्यात एकही चेंडू आउट म्हणाली नाही. समोरची मुलगी पुण्याची, सराईत, आवाज मोठा. सामना संपल्यावर म्हणाली, ‘आई, मला भांडल्यासारखं वाटत होतं.’ घरी येऊन आम्ही आठवडाभर सरावात फक्त हाक द्यायचा सराव केला, हात वर आणि आवाज खणखणीत. रेषा सांगणं हे भांडण नाही, तिचं काम आहे, हे तिला पटायला वेळ लागला.

गुणसंख्या सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी मोठ्याने सांगायची. वाद झाला तर दोघांना मान्य असलेल्या शेवटच्या गुणसंख्येपासून जुळवत यायचं. तरी जुळलं नाही तर खेळ थांबवून रेफरींना बोलवायचं. रेफरींना बोलावणं हा मुलाचा हक्क आहे आणि तो त्याने स्वतः वापरायचा. आईवडिलांनी जाळीबाहेरून ओरडायचं नाही. आपण ओरडलो तर इशारा मुलाला मिळू शकतो.

वेळेचे नियम तोंडपाठ हवेत. दोन गुणांमध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद, सेट संपल्यावर १२० सेकंद. सेटमधल्या पहिल्या गेमनंतर बाजू बदलतात पण बसायचं नसतं. सेट ६-६ असा बरोबरीत आला की होणारा टायब्रेक ७ गुणांचा, दोनच्या फरकाने. पहिली सर्व्हिस एक, मग दोन-दोन, दर ६ गुणांनी बाजू बदल. काही स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक असतो, काही ठिकाणी ‘नो-ॲड’, म्हणजे ४०-४० झाल्यावर एकच निर्णायक गुण आणि सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची हे समोरचा ठरवतो. फॅक्टशीटवर पाहून घरी तसाच एक सामना खेळवा.

नाव पुकारल्यावर १५ मिनिटांत कोर्टवर हजर नसेल तर समोरच्याला पुढे चाल. रॅकेट आपटणं, शिवी, वेळ काढणं यावर क्रमाने शिक्षा होते: आधी इशारा, मग एक गुण जातो, मग गेम जातो, आणि प्रकरण वाढलं तर सामन्यातून बाद.

प्रशिक्षकांनी बाहेरून बोलावं का, हा नियम बदलला आहे. १ जानेवारी २०२५ पासून जागतिक नियमांनी कोर्टबाहेरून मार्गदर्शनाला वाट करून दिली, पण त्या त्या संघटनेने परवानगी दिली असेल तरच. म्हणून सामन्याआधी रेफरींना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा.

८. पिशवी

दोन रॅकेट, कारण तार तुटतेच. पाणी, टोपी, टॉवेल, जादा मोजे, केळी, शेंगदाण्याची चिक्की. पाण्याची बाटली मुलाजवळ हवी, आपल्याजवळ नाही. चेंडू आयोजक देतात. दहा वर्षांखालच्या स्पर्धेला नेहमीचे पिवळे चेंडू वापरत नाहीत, तिथे हळू जाणारे लाल, नारिंगी किंवा हिरवे असतात. २०१२ पासून हा जागतिक नियम आहे, तेव्हा सरावही त्याच चेंडूंवर करून न्या.

सर्दी-खोकल्याचं औषध देताना जपून. काही साध्या गोळ्यांतही बंदी असलेले घटक असतात आणि बंदीची यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते. डॉक्टरांना आधी सांगा की मूल स्पर्धा खेळतं. दम्यासारखं कायमचं औषध चालू असेल तर त्याची चिठ्ठी फाईलमध्येच ठेवा.

९. सामना संपल्यावर लगेच निघू नका

जिंकलं की हरलं, गुणसंख्या रेफरींच्या टेबलावर सांगून मगच हलायचं. साधारणपणे जिंकणाऱ्याने चेंडू परत करायचे असतात. मग दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम लागेपर्यंत थांबा किंवा तो कुठे लागणार ते विचारून घ्या. त्यात ‘फॉलोड बाय’ लिहिलेलं असेल तर आपल्या सामन्याला ठरलेली वेळ नाही, आधीचा संपला की आपला. आधीच्या सामन्यात कुणी दुखापतीने सोडलं तर दुपारचा सामना सकाळी अकराला सुरू होतो. म्हणून मुलाला जेवायला लांब नेऊ नका, आणि परतीचं तिकीट शेवटच्या गाडीचंच काढा.